परत येणारा चतकोर

आमच्या गावातून जालन्याला जाणारी पहिली गाडी मुक्कामी होती. मुक्कामी म्हणजे आदल्या संध्याकाळी येऊन गावातच थांबायची, ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या ओट्यावर अंग टाकायचे आणि दिवस उगवायच्या आत गाडी परत निघायची. त्या गाडीत माणसांच्या आधी डबे चढायचे. गावातली जी चार-दोन पोरं जालन्यात शिकायला राहिलेली, त्यांच्या भाकरी कंडक्टरच्या सीटमागं ओळीनं ठेवलेल्या असत. डब्यावर नाव कुणी लिहीत नव्हतं. फडक्यावरून ओळख. आमचं फडकं माझ्या जुन्या लुगड्याचं, हिरवं, लाल काठाचं. दुपारच्या आत पोरं स्टँडवर येऊन आपापला डबा उचलायची आणि जेवून झालं की रिकामा डबा परतीच्या गाडीत ठेवायची. तो संध्याकाळी गावात परत. कंडक्टरनं याचे कधी पैसे मागितले नाहीत. कुणाच्या घरी चहा झाला असेल तर पितळीभर चहा घ्यायचा, एवढंच.

त्या ओळीत एकच डबा पोरीचा होता. माझ्या नणंदेचा.

ती मॅट्रिक झाली आणि जालन्याला मास्तरकीच्या ट्रेनिंगला तिचा नंबर लागला. आमच्या वस्तीतून बाहेर शिकायला गेलेली ती पहिली पोरगी. सासरे विहारात वंदना म्हणायला पुढं असायचे, आणि चार माणसांत बोलायला उभे राहिले की कुठूनही सुरू करोत, शेवट शिकण्यावर. त्यामुळं पोरीला पाठवणं त्यांना भागच होतं. एका म्हातारीच्या घरात एक खोली मिळाली, सोबतीला मंठ्याकडची एक पोरगी. म्हातारीची अट एकच, खोलीत चूल पेटवायची नाही, भिंती काळ्या होतात. खाणावळ आम्हाला झेपणारी नव्हती. म्हणून डबा.

ही गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली. जालना तेव्हा जिल्हा नव्हता, औरंगाबादेतला तालुका होता, पण आमच्यासाठी जालना म्हणजेच सगळं शहर. त्या साली शेतातून काहीच घरात आलं नाही. नवरा, सासू, सासरे तिघंही दुष्काळी कामावर, पाझर तलावाच्या भिंतीवर माती टाकायला. माझी मुलगी तेव्हा नुकती चालायला लागलेली, म्हणून मी घरी. घरी म्हणजे चुलीजवळ. पीठ मोजून काढायचं काम सासूबाईंचं, त्या पिठाला चव आणायचं माझं. अशी वाटणी कुणी केली नव्हती, पण तशीच पडली.

आणि ते पीठ मिलोचं.

ज्यांनी मिलो खाल्ला नाही त्यांना सांगते. रेशनवर परदेशातली लाल ज्वारी यायची, तिला मिलो म्हणत. दिसायला ज्वारी, पण दळल्यावर रंग विटकरीसारखा आणि पिठाला चिकटपणा बिलकुल नाही. भाकर थापायला घ्यावी तर कडेनं भेगा पडायच्या, परातीतून तव्यावर नेताना मधूनच मोडायची. गरम गरम कशीतरी खाल्ली जायची. गार झाली की खापर. आणि आमच्या नणंदेला तर ती गारच खायची होती. पहाटे चुलीवरून उतरलेली भाकर तिच्या तोंडात पडेपर्यंत दुपार.

सुरुवातीला तीन भाकरी, सोबत कालवण, वर एक चटणी, असा डबा जायचा. डबा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, दोन खणांचा. ती गेली तेव्हा पहिले काही महिने घरात जुनी ज्वारी होती, तोवर रिकामा डबा कसा येतो, आत काही असतं का याकडं कुणी पाहिलंही नसेल. मिलो सुरू झाला आणि सासूबाई संध्याकाळी कामावरून आल्या की हातपाय धुवायच्या आधी डबा उघडायला लागल्या. अशाच एका संध्याकाळी त्यांनी झाकण काढलं आणि आत बोट दाखवून मला म्हणाल्या,

"हे बघ."

आत भाकरीचा चतकोर होता. नीट तोडलेला, कागदात गुंडाळलेला.

"भाकर जास्त होऊन राह्यली पोरीला," सासूबाई म्हणाल्या. "उद्या कमी दे."

त्यात त्यांचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. ज्या घरात तीन माणसं उन्हात माती उचलून येतात, तिथं चतकोर भाकर जालन्याला जाऊन परत येणं परवडणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी अडीच भाकरी घातल्या. संध्याकाळी डबा उघडला, चतकोर होताच.

तो चतकोर माझ्या मुलीला मिळायचा. पाण्यात भिजवून, मीठ लावून. तिला इतकी सवय झाली की गाडीचा भोंगा वाजला की दारात जाऊन बसायची, "आत्याची भाकल" म्हणून.

माझ्या मनात वेगळंच आलं. मला वाटलं, भाकर जास्त होत नाही, जात नाही. घशाखाली उतरत नसणार. मिलो कुणाला गोड लागतोय? आणि त्यात ती बसणार चार शहरी पोरींमध्ये, त्यांच्या पांढऱ्या पोळ्या, हिची लाल भाकर. मी म्हटलं, बघू तरी.

मग मी त्या मिलोच्या मागं लागले. 

पहिलं म्हणजे पीठ गार पाण्यात भिजवायचं सोडलं. उकळतं पाणी ओतून, वर ताट झाकून, जरा वेळानं मळायचं. पोळतं, पण भाकर धरते. मग सापडलं की शिजवलेला पाला मळताना घातला तर भाकर दुपारपर्यंत मऊ राहते. पण दुष्काळात पाला कुठला? विहिरीच्या कडेला, कुणाच्या मोरीच्या पाण्यावर घोळ उगवायची, तांदुळजा उगवायचा. मुलीला काखेत घेऊन मी वाटी-दोन वाट्या खुडून आणायची. तो पाला उकडून, ठेचून, मिलोच्या पिठात. मूठभर रेशनचा गहू दळून त्यात. लसूण, मीठ, एखादी मिरची. ओल्या फडक्यावर थापून धपाटे. तेल तव्यावर ओतायचं नाही, तेलात बुडवलेल्या चिंधीनं तवा पुसायचा. एवढ्या तेलात धपाट्याला डाग पडतात आणि वास सुटतो. माणूस आधी नाकानं जेवतो, हे मला त्या साली कळलं.

कालवणाला डाळ नव्हती. पण येसर होता. आमच्या मराठवाड्यात लग्नाला येसर करतात, धान्य, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, मिरच्या सगळं वेगवेगळं खमंग भाजून जात्यावर दळायचं. मूठभर येसरात पातेलंभर आमटी दाट होते. लग्नाचा येसर ज्वारीचा नाहीतर बाजरीचा. मी मिलोचा केला. मिलो भाजला की लाल रंगाचं तपकिरी होतं आणि कुणाला ओळखू येत नाही. डाळीच्या जागी नावाला मूठभर हरभरा. चिंचेचं पाणी, खडे मीठ, फुफाट्यात भाजलेला कांदा. आणि फोडणी आधी नाही द्यायची, शेवटी वरून ओतायची. तेल तेवढंच, पण ते वरच तरंगतं, आणि झाकण उघडलं की पहिल्यांदा तेच भेटतं.

सासूबाई म्हणाल्या, "लगीन कोणाचं हाय घरात?"

"दुष्काळाचं," मी म्हटलं.

"मंग नवरदेव लवकर वाटंला लाव."

चटण्या तर फिरवून फिरवून. जवसाची, कारळाची, दोन्ही तेलकट, दोन्ही टिकणाऱ्या. मागल्या साली वाळवलेल्या गवारीच्या शेंगा होत्या, त्या तळायला तेल नाही म्हणून भाजून, चुरून, लसणाच्या चटणीत. माणसं कामावरून मुलीसाठी सुकडी आणायची, ती सरकारी गोड भुकटी. त्यातली थोडी गुळाच्या पाण्यात कालवून मिलोच्या पिठात मळली आणि त्याच्या दशम्या केल्या. त्या दिवशी मला वाटलं, आज चतकोर येणार नाही. दशमी कोण परत धाडतं?

दशमीचा चतकोर आला.

सासूबाईंनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "गोड बी नको झालं का हिला?" त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. पण दुसऱ्या दिवशीच्या पिठातून त्यांनी पुन्हा एक मूठ परत पिठाच्या डब्यात टाकली. अशा मुठी परत जात जात पोरीचा डबा दीड भाकरीवर आला. आणि तरी चतकोर यायचाच. दीडमधूनही.

माझा एक हट्ट होता की चव जमली की चतकोर थांबेल. रोज काहीतरी नवीन करायचं आणि संध्याकाळी झाकण उघडून पाहायचं. शाळेतली पोरं निकालाला जातात तसं. आणि निकाल रोज तोच.

सासरे हे सगळं बघत होते. ते जेवताना खाली बघून जेवायचे. एका संध्याकाळी त्यांनी मुलीच्या हातातला चतकोर पाहिला आणि विचारलं,

"हे रोज येतंय?"

"रोज," सासूबाई म्हणाल्या.

"कवापासून?"

"लई दिवस झाले."

सासऱ्यांनी ताटात पाणी सोडून हात धुतले. "या सालात अन्न परत यिऊन राह्यलंय," ते म्हणाले, "म्हंजे एक तर पोरगी बीमार हाय, न्हाईतर तिचं मन उडालंय. तिथं राहून तिला काय शिकायचं? आणा तिला घरी. बदनापूरकडलं ते स्थळ अजून थांबलेलं हाय."

माझा नवरा म्हणाला, "ट्रेनिंग अर्धंच झालंय, बाबा."

"मला कळत न्हाई का? मीच धाडली ना तिला?" सासरे एवढंच म्हणाले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. जो माणूस विहारात उभा राहून दुसऱ्यांच्या पोरी शाळेत घाला म्हणून सांगायचा, त्याच्या तोंडून 'आणा तिला घरी' निघालं. पण भाकरी परत येत होत्या, ते तर खरंच होतं.

ठरलं असं की मी जायचं. पुरुषमाणूस गेला तर पोरगी मनातलं सांगणार नाही, आणि कामावरचा खाडाही नको. मी डबा पोहोचवायचा, तिला समजावून घेऊन संध्याकाळच्या गाडीनं यायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी डबा केला. पोरगी घरी परतच येणार आहे म्हणून सासूबाईंनी पीठ त्या दिवशीही तेवढंच काढलं. चिंचेला तेव्हा कोवळा पाला फुटला होता, त्याला चिगूर म्हणतात. तो चिगूर खुडून, तव्यावर परतून, जवसाच्या कुटात घोळला. आंबट आणि खमंग. म्हटलं शेवटचाच डबा, तर बरा जाऊ दे.

मुलीला सासूबाईंनी कामावर नेलं. मी डबा मांडीवर घेऊन बसले.

"आज डब्याच्या मागं वहिनी बी?" कंडक्टर म्हणाला.

"डब्याला तिकीट न्हाई, मला हाय का?"

"तुम्हाला हाय. डबा बोलत न्हाई म्हणून फुकट नेतो." त्यानं तिकीट फाडलं. मग स्वतःहूनच म्हणाला, "तुमची पोरगी लई शिस्तीची हाय बघा. बाकीची पोरं डबा घेतात अन् पळतात. ती हातात घेऊन जरा हलवून बघती, मंग जाती."

"हलवून?"

"असा." त्यानं तिकिटांची पेटी कानाजवळ नेऊन हलवून दाखवली.

मला त्यातून काही कळलं नाही. मी खिडकीबाहेर पाहत बसले. बाहेरही पाहण्यासारखं काही नव्हतं, मोकळी काळी शेतं आणि मधूनमधून मातीच्या ढिगांवर माणसं.

स्टँडवर नणंद उभीच होती. आधीपेक्षा वाळलेली. मला पाहून ती हसली नाही, दचकली. डबा माझ्या हातातून घेतला, आणि कंडक्टरनं दाखवलं तसाच तिनं तो जरा हलवला. मग म्हणाली,

"वैनी, तुला कसं कळालं?"

"काय कळालं?"

ती डबा घेऊन पुढं निघाली. आम्ही चालत खोलीवर गेलो. खोली म्हणजे एक पडवी अडवून केलेली. मंठ्याकडची पोरगी आतच होती, काळीसावळी, बोलकी. तिनं मला चटई टाकली. आणि चटईशेजारी नणंदेची पत्र्याची पेटी, सुंभाच्या दोरीनं बांधून तयार.

मी पेटीकडं पाहिलं. ती म्हणाली, "मीच येणार होते उद्या. बरं झालं तू आलीस."

माझ्या मनात पहिलं आलं ते असं की, चला, काम सोपं झालं. समजवायची गरज नाही, सासरे म्हणाले तेच खरं, पोरीचं मन उडालंय. मी म्हटलं, "आधी जेवून घेऊ. मंग बोलू."

तिनं डबा उघडला. दीड भाकर. ती दीड भाकर तिनं हातात घेतली आणि खायच्या आधी, घास तोडायच्या आधी, अर्ध्यातून एक चतकोर मोडला. एका कागदात गुंडाळला. डब्याच्या झाकणात बाजूला ठेवला. हे सगळं तिनं इतक्या सवयीनं केलं की माझ्याकडं पाहिलंही नाही.

"हे कशाला काढलंस?" मी विचारलं.

"डब्यात ठेवायला."

"कोणाच्या डब्यात?"

"ह्याच की." ती माझ्याकडं बघायला लागली. "रिकामं भांडं घरात कसं धाडू? मायनंच शिकवलंय न."

आमच्याकडं हे सगळ्यांनाच माहीत असतं. शेजारणीकडून वाटीभर काही आलं तर ती वाटी रिकामी परत जात नाही. काही नसेल तर दोन दाणे, काही नसेल तर चिमूटभर मीठ. सासूबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात ते सांगितलं होतं आणि मी ते अजून पाळते. पण ते शेजारच्या भांड्याचं. आपल्याच घरचा डबा आपल्याच घरी येताना कुणी असं करतं का, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. न येण्याचं कारणही होतं, ती आमची होती. आणि तिच्या डोक्यात उलटं होतं. ती दुसऱ्या गावात होती, डबा दुसऱ्याच्या हातून जात होता, घराच्या दारातून आत जात होता. तिच्या हिशेबानं ते पाठवणंच होतं.

मी पुढं सरकले. "म्हंजे तुला भाकर नको झाली म्हणून न्हाई?"

"नको?"

मंठ्याकडची पोरगी जोरात हसली. "नको? वैनी, काल हिनं माझ्या डब्याचं झाकण पुसून खाल्लं. त्या कालवणात काय घालता तुम्ही? माझी माय हितं येऊन शिकल तुमच्याकडून."

"गप ना तू," नणंद म्हणाली. पण ती गप बसणारी नव्हती.

"का गप? रोज म्हणती, वैनीच्या हातचं हाय, वैनीच्या हातचं हाय. अन् डबा घेतला की हलवून बघती, आज किती वाजतंय. जास्त वाजलं, म्हंजे भाकर कमी, की रस्ताभर तोंड पाडून."

मग नणंदेनं मला तिच्या बाजूचं सांगितलं. भाकरी कमी कमी होत गेल्या तशी तिनं ओळखलं, म्हणजे तिला वाटलं की ओळखलं, की घरातलं पीठ सरत आलंय. धपाटे आले, दशम्या आल्या, कालवणात येसर आला, तिला वाटलं वहिनी आहे नाही ते झाडून घालतेय. "दादा माती वाहतो, माय वाहती, अन् मी हितं बसून तुमच्या तोंडचं खाऊन राह्यले. ह्याच्यापरीस घरी येते, मी बी कामावर जाईन, म्हणून पेटी बांधली."

"मंग चतकोर तरी कशाला धाडत होतीस? खायचा ना."

"रिकामा डबा बघून मायला काय वाटलं असतं?"

 एकीकडं सासूबाई चतकोर पाहून पीठ कमी करत होत्या आणि दुसरीकडं ही कमी भाकर पाहून चतकोर तोडत होती. मी मध्ये बसून फोडणी वरून घालावी की खालून, याचा विचार करत होते.

मला तेव्हा हसू आलं की रडू, ते आठवत नाही. बहुतेक काहीच आलं नाही. मी झाकणातला चतकोर उचलला, त्यावर चिगूर घातला आणि तिच्या हातात दिला. "खा."

"डबा?"

"डब्याचं मी बघते. तू खा."

तिनं खाल्ला. एका घासात, मान खाली घालून. मग मी पेटीची दोरी सोडली. गाठ घट्ट मारलेली होती, दातानं ओढावी लागली. ती दोरी आमच्याच घरची, पोहऱ्याची जुनी. पेटी तिथंच ठेवली आणि दोरी गुंडाळून पिशवीत घातली. नणंदेनं विचारलं, "बाबाला काय सांगशील?" मी म्हटलं, "खाल्लं ते सांगीन."

संध्याकाळी गाडीतून मी एकटीच उतरले. सासरे वेशीजवळ उभे होते, दोघींसाठी. पेटी उचलायला आले असावेत. त्यांनी माझ्या मागं पाहिलं. मग माझ्यासोबत घराकडं चालायला लागले.

घरी सासूबाईंनी सवयीनं डबा उघडला. आत काहीच नव्हतं. माझ्या मुलीनं वाकून पाहिलं आणि भोकाड पसरलं.

"आज न्हाई?" सासूबाई म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. कागदात गुंडाळलेला चतकोर, पेटी, हलवून बघणं. दोरी खाली ठेवली. सासूबाईंनी ती दोरी उचलून पाहिली. मग एकदम तापल्या, माझ्यावरच.

"अगं ते परक्याच्या भांड्याला असतंय! आपल्याच घरात कुठलं आलंय? एवढं शिकली अन् एवढं कळंना?"

"तुम्हीच शिकवलंय म्हणाली."

"मी असं शिकवलं व्हतं का?" आणि मग एकदम हळू, "तीन भाकरींत चतकोर ठीक हाय. दीडमधी कोण काढतं, माय."

सासऱ्यांनी रडणाऱ्या नातीला उचललं. तिला खांद्यावर घेऊन अंगणात दोन फेऱ्या मारल्या. परत येऊन उंबऱ्यावर उभे राहिले आणि मला विचारलं,

"उद्या किती भाकरी घालतीस?"

मी सासूबाईंकडं पाहिलं. त्या पिठाच्या डब्याजवळ गेल्या होत्या.

"तीन," त्या आतून म्हणाल्या. "अन् धपाटे घाल म्हणावं, मंठ्याच्या पोरीला बी लागतात."

बदनापूरकडल्या स्थळाला काय निरोप गेला ते मला कुणी सांगितलं नाही. नंतर त्या घराचं नाव आमच्याकडं निघालं नाही, एवढं खरं.

पीठ वाढलं म्हणजे घरातलं कुणाचं तरी कमी झालं, हे उघड आहे. ते कुणाचं ते कुणी विचारलं नाही. मी आमटी जरा पातळ केली आणि येसर जरा जास्त भाजला. जास्त भाजलेल्या येसराला पातळ आमटीतही जोर असतो. आजही कुणी मला विचारलं की थोडक्यात चवदार कसं करायचं, तर मी हेच सांगते: जे आहे ते नीट भाजा, जाळू नका, आणि तेल शेवटी घाला. यापेक्षा जास्त मला येत नाही.

रिकामा डबा मात्र तिला काही केल्या पाठववेना. सासूबाईंनी कंडक्टरकडून निरोप दिला की खायचं सोडून काही बी घाल, पण खायचं घालू नको. तेव्हापासून डब्यातून खडू यायला लागला. ट्रेनिंगच्या वर्गात फळ्यापाशी पडलेला उरलासुरला तुकडा, पांढरा, कधी पिवळा. पहिल्या दिवशी सासूबाईंनी तो चाटून पाहिला. मग चुलीच्या वरच्या कोनाड्यात ठेवून दिला. कोनाडा भरत गेला. माझी मुलगी त्यानं भिंतीवर रेघोट्या मारायची, आणि तिच्या मागं बसून मीही मारायची. अक्षरं मी तिथंच गिरवली, पण ते पुढचं.

दुष्काळ सरला, घरात पुन्हा पांढरी ज्वारी आली. डबा पुढं वर्षभर तसाच जात राहिला, हिरव्या फडक्यातून. ट्रेनिंग संपलं त्या दिवशी ती स्वतःच संध्याकाळच्या गाडीतून उतरली. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात डबा. घरात येऊन तिनं डबा सासूबाईंच्या पुढं ठेवला. सासूबाईंनी झाकण काढलं, आत पाहिलं.

"आज काहीच न्हाई?"

"मीच आले न," ती म्हणाली.

सासूबाईंनी झाकण लावलं आणि डबा घासायला माझ्याकडं सरकवला.